अलॉय व्हील बदलताना नट कोणते घ्यावेत? चाकाच्या सुरक्षिततेचं पूर्ण गणित

गाडीला नवे अलॉय बसवायचे म्हटलं की चर्चा होते ती साइझची, डिझाइनची आणि रंगाची. पंधरा इंची घ्यायचे की सोळा, काळे की डायमंड कट, यावर ग्रुपमध्ये फोटो फिरतात आणि मतं मागवली जातात. ते चाक गाडीला धरून ठेवणाऱ्या चार-पाच नटांबद्दल मात्र सहसा कोणी विचारत नाही. जुने नट निघाले, तेच नव्या चाकावर आवळले, काम झालं, असा सरसकट समज असतो.

कधी हा समज बरोबर ठरतो, तर कधी धोक्याचा. कंपनीने दिलेला नट कंपनीच्या चाकासाठी बनवलेला असतो. चाक बदललं की भोकाचा आकार, जाडी आणि बैठक बदलू शकते. तेव्हा तोच नट वरून घट्ट वाटला तरी आतून नीट टेकलेला नसतो. असा नट पहिल्याच दिवशी सुटत नाही. तो काही दिवसांनी, बहुतेक वेळा हायवेवर, ढिला पडायला लागतो. म्हणूनच हा विषय समजून घेणं गरजेचं आहे.

नट नेमकं काय काम करतो?

गाडीचं सगळं वजन त्या चार-पाच स्टडवर लटकलेलं असतं, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात तसं नसतं. नट आवळला की स्टड रबर बँडसारखा अगदी किंचित ताणला जातो. ताणलेला स्टड मूळ लांबीवर यायला बघतो आणि त्या ओढीने चाक हबवर दाबून धरतो. या दाबामुळे चाक आणि हब यांच्या सपाट पृष्ठभागांमध्ये प्रचंड घर्षण तयार होतं. ब्रेकचा जोर, वळणावरचा ताण, खड्ड्याचा दणका हे सगळं मुख्यतः हे घर्षण सहन करतं.

हा दाब किती असतो? बारा मिलिमीटर जाडीच्या स्टडवर नट साधारण १०० न्यूटन-मीटर जोराने आवळला तर एका स्टडवर सुमारे चार टनांइतका दाब तयार होतो. चार नट असलेल्या चाकावर हा आकडा सोळा टनांच्या आसपास जातो. हा दाब टिकून आहे तोवर चाक हलत नाही.

दाब कमी झाला की चाक हबवर सूतभर सरकायला लागतं. मग प्रत्येक फेऱ्याला स्टड वाकतो आणि सरळ होतो. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसाच स्टडही शेवटी तुटतो. एक तुटला की बाकीच्यांवरचा भार वाढतो आणि तेही लवकर जातात. नट निवडताना खरा प्रश्न एवढाच असतो की हा दाब नीट तयार होईल का आणि टिकेल का.

पहिली गोष्ट: नट की बोल्ट?

मारुती सुझुकी, ह्युंदाई, होंडा, टोयोटा या कंपन्यांच्या गाड्यांमध्ये हबमधून स्टड बाहेर आलेले असतात आणि त्यावर नट बसतो. फोक्सवॅगन, स्कोडा, ऑडी, बीएमडब्ल्यू, मर्सिडीज अशा युरोपीय वळणाच्या गाड्यांमध्ये हबला आटे पाडलेली भोकं असतात आणि चाकातून थेट बोल्ट घालून आवळतात. भारतात फियाटच्या पुंटो, लिनियासारख्या गाड्याही बोल्टवाल्याच होत्या.

दोन्ही पद्धती सुरक्षित आहेत, पण खरेदीच्या वेळी फरक पडतो. नटवाल्या गाडीत स्टडची लांबी ठरलेली असते, त्यामुळे चाकाची जाडी त्या लांबीत बसते का ते बघावं लागतं. बोल्टवाल्या गाडीत चाकाच्या जाडीनुसार बोल्टचीच लांबी निवडावी लागते. बोल्ट आखूड पडला तर आटे पुरेसे पकडत नाहीत. जास्त लांब झाला तर तो हबच्या मागून बाहेर येऊन ब्रेकच्या भागांना घासू शकतो. म्हणून बोल्ट बदलल्यावर चाक उचललेलं असतानाच हाताने पूर्ण फिरवून आवाज येतो का, कुठे अडतं का ते पाहतात.

दुसरी गोष्ट: आटे जुळायलाच हवेत

नटाच्या खोक्यावर एम१२ × १.५ किंवा एम१२ × १.२५ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा स्टडची जाडी सांगतो, म्हणजे १२ मिलिमीटर. दुसरा आकडा पिच, म्हणजे एका आट्यापासून दुसऱ्या आट्यापर्यंतचं अंतर.

मारुती सुझुकीच्या नेहमीच्या गाड्यांना एम१२ × १.२५ आटे असतात. निसान आणि सुबारूच्या अनेक गाड्यांनाही हेच माप लागतं. होंडा, ह्युंदाई आणि टोयोटाच्या बहुतेक छोट्या-मध्यम गाड्यांना एम१२ × १.५ लागतं. फोक्सवॅगन आणि स्कोडाचे बोल्ट सहसा एम१४ × १.५ असतात.

इथे खरी गल्लत होते ती १.२५ आणि १.५ मध्ये. दोन्ही नट दिसायला सारखे असतात आणि जाडीही एकच असते. चुकीचा नट पहिला एखादा फेरा नीट फिरतोसुद्धा, मग अडतो. हाताने फिरवणाऱ्याला हे लगेच कळतं. पण हवेच्या गनने नट मारला तर गन ते अडणं जाणवूच देत नाही. जोराने आटे कापत नट आत जातो आणि घट्ट बसल्याचा भास होतो. प्रत्यक्षात स्टडचे आटे मेलेले असतात. तो नट पुढे ढिला होतो किंवा काढताना स्टडसकट तुटतो.

गाडीच्या नावावरून अंदाज बांधणंही धोक्याचं आहे. टोयोटाची ग्लान्झा ही मुळात सुझुकीची बलेनो आहे. त्यामुळे तिला टोयोटाचे म्हणून मिळणारे १.५ पिचचे नट चालत नाहीत, सुझुकीचं १.२५ चं माप लागतं. उलट मारुतीची इन्व्हिक्टो ही मुळात टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस आहे, तिला सुझुकीचा अंदाज लावू नये. बोनेटवरचा लोगो कोणाचा आहे त्यापेक्षा गाडी मुळात कोणी बनवली हे इथे महत्त्वाचं ठरतं.

पडताळणीची सोपी पद्धत अशी: चाक काढल्यावर नवा नट रिकाम्या स्टडवर फक्त बोटांनी फिरवून बघावा. पाना न लावता तो शेवटपर्यंत मऊ फिरत गेला तर आटे जुळले. दोन फेऱ्यांत अडला तर तिथेच थांबावं. स्टडवर गंज किंवा माती असेल तर ती आधी तारेच्या ब्रशने साफ करून मग तपासावं.

तिसरी गोष्ट: नटाची बैठक, जिथे सगळ्यात जास्त चुका होतात

नटाचा जो भाग चाकाला टेकतो त्याला सीट किंवा बैठक म्हणतात. तिचे मुख्य तीन प्रकार आहेत.

पहिला, शंकूसारखा उतरता नट. याचा कोन साधारण ६० अंशांचा असतो. ह्युंदाईसह अनेक कंपन्या हाच वापरतात. बाजारात मिळणारे बहुतेक आफ्टरमार्केट अलॉयही याच बैठकीसाठी बनवलेले असतात.

दुसरा, गोलाकार नट. याचं टोक चेंडूच्या पृष्ठभागासारखं वळलेलं असतं. होंडा आपल्या मूळ चाकांना गोल बैठकीचा नट वापरते. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या मूळ चाकांचे बोल्टही गोल बैठकीचे असतात.

तिसरा, सपाट बैठकीचा, दांड्याचा नट. याच्या तोंडाशी एक सरळ नळी असते आणि वर सपाट वायसर असतं. नळी चाकाच्या भोकात शिरते आणि वायसर वरून दाबतं. टोयोटाच्या अनेक मूळ अलॉयना असे नट येतात.

आता होंडा सिटीचं उदाहरण घेऊ. मालकाने बाहेरून अलॉय घेतले. चाकाच्या भोकाला ६० अंशांची शंकूची बैठक आहे. गॅरेजमध्ये कंपनीचेच गोल नट त्यावर आवळले. आटे बरोबर आहेत, नट घट्टही झाला. पण गोल पृष्ठभाग शंकूत टेकतो तेव्हा स्पर्श फक्त एका बारीक रेषेइतका होतो. ज्या दाबाला चांगली रुंद पट्टी मिळायला हवी तो सगळा त्या रेषेवर येतो. अलॉय म्हणजे ॲल्युमिनियमचा मिश्रधातू, स्टीलपेक्षा मऊ. त्या रेषेपाशी धातू दबतो, दबला की नट सैल होतो आणि चार टनांचा दाब झपाट्याने कमी होतो.

उलट बाजूनेही हीच चूक होते. होंडाचे मूळ अलॉय सेकंड हँड स्वस्तात मिळाले म्हणून दुसऱ्या गाडीला बसवले आणि त्या गाडीचे शंकूचे नट लावले, तरी बैठक जुळत नाही. टोयोटाचा दांड्याचा नट शंकूच्या भोकावर लावला तर वायसर भोकाच्या कडेवरच अडतं आणि आतली बैठक रिकामी राहते.

थोडक्यात सांगायचं तर आटे गाडीप्रमाणे आणि बैठक चाकाप्रमाणे निवडायची असते. नट ही या दोघांना जोडणारी वस्तू आहे, त्यामुळे एक टोक जुळून भागत नाही.

बैठक जुळली का हे घरीही तपासता येतं. नटाच्या टेकणाऱ्या भागावर मार्कर पेनची शाई लावावी, नट हाताने चाकात बसवून पान्याने हलकेच आवळावा आणि परत काढून बघावा. शाई सगळीकडे रुंद पट्टीत पुसली गेली असेल तर बैठक बरोबर आहे. एकच बारीक गोल रेघ उमटली असेल तर नट चुकीचा आहे.

चौथी गोष्ट: नट किती फेरे आत गेला?

नटाने स्टडचे पुरेसे आटे पकडायला हवेत. जाणकारांचा ढोबळ नियम असा की स्टड जितका जाड, निदान तितकी लांबी नटात गुंतावी. म्हणजे १२ मिलिमीटरच्या स्टडवर साधारण १२ मिलिमीटर. फेऱ्यांमध्ये मोजायचं तर किमान मर्यादा अशा सांगितल्या जातात: एम१२ × १.५ ला साडेसहा फेरे, एम१२ × १.२५ ला आठ फेरे आणि एम१४ × १.५ ला साडेसात फेरे. बोटांनी नट फिरवताना पहिल्या पकडीपासून टेकेपर्यंतचे फेरे मोजायचे, एवढंच.

फेरे कमी का पडतात? आफ्टरमार्केट अलॉयचा मधला भाग कंपनीच्या पत्र्याच्या चाकापेक्षा बराच जाड असू शकतो. त्यामुळे स्टडचा बाहेर आलेला भाग कमी उरतो. अशा वेळी लांब गळ्याचे नट मिळतात, ज्यांचा आट्यांचा भाग चाकाच्या भोकात खोलवर जातो. तेही पुरत नसेल तर लांब स्टड बसवावे लागतात. हे काम हब उघडून करायचं असतं, त्यामुळे ते जाणकार गॅरेजमध्येच करावं.

चाक बाहेर काढण्यासाठी स्पेसर लावणाऱ्यांनी तर हे फेरे मोजलेच पाहिजेत. पाच मिलिमीटरचा स्पेसर म्हणजे पाच मिलिमीटर आटे गेले. १.२५ पिचच्या स्टडवर ते चार फेरे होतात.

उलटा प्रश्नही येतो. तोंड बंद असलेला, टोपीसारखा नट दिसायला छान असतो आणि स्टडला पाण्या-चिखलापासून वाचवतो. पण स्टड लांब आणि नट आतून उथळ असेल तर स्टडचं टोक नटाच्या तळाला आधीच टेकतं. पाना अडतो, नट घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण चाकावर दाब आलेलाच नसतो. हात लावून चाक हलवलं तर खडखडतं. अशा ठिकाणी खोल नट किंवा दोन्ही बाजूंनी उघडा नट घ्यावा.

पाचवी गोष्ट: पाना आत जातो का?

मारुती आणि होंडाच्या नटांना सहसा १९ मिलिमीटरचा पाना लागतो, टोयोटाला २१ चा आणि फोक्सवॅगनच्या बोल्टला १७ चा. काही आफ्टरमार्केट अलॉयची भोकं इतकी अरुंद असतात की नट आत जातो, पण त्याभोवती पान्याचा सॉकेट मावत नाही. अशा चाकांसाठी बारीक बाहेरच्या मापाचे, खाचांचे नट येतात. ते एका खास चावीने उघडतात.

चावीचे नट घेतले की ती चावी गाडीत असणं आलंच. घरी कपाटात चावी आणि रात्री घाटात पंक्चर, अशी वेळ आली तर पंक्चरवालाही काही करू शकत नाही. चाक चोरीला जाऊ नये म्हणून प्रत्येक चाकाला एक लॉक नट लावतात, त्यालाही हेच लागू होतं. सर्व्हिसिंगला गाडी देताना चावी द्यावी आणि परत घेताना ती मागून घ्यावी. लॉक नटाला हवेची गन लावू देऊ नये, कारण त्याने चावीच्या खाचा लवकर झिजतात.

नट योग्य, पण चाकच चुकीचं असेल तर?

काही चुका नट कितीही चांगला घेतला तरी सुटत नाहीत. त्यातली मोठी म्हणजे पीसीडी. स्टडच्या मध्यांमधून काढलेल्या वर्तुळाचा व्यास म्हणजे पीसीडी. भारतातल्या बऱ्याच छोट्या गाड्यांचा पीसीडी ४ × १०० असतो, म्हणजे चार स्टड आणि १०० मिलिमीटरचं वर्तुळ. फियाटचा ४ × ९८ होता. फरक फक्त दोन मिलिमीटरचा, म्हणजे प्रत्येक स्टडपाशी एका मिलिमीटरचा. चाक ढकलून बसतंही. पण प्रत्येक नट तिरका टेकतो आणि स्टड कायम वाकलेल्या ताणाखाली राहतो. ५ × ११२ आणि ५ × ११४.३ मध्येही अशीच गल्लत होते. ‘बसतंय की’ हे इथे उत्तर नाही, माप तेच असायला हवं.

दुसरी गोष्ट मधल्या भोकाची. गाडीच्या हबचा मधला उंचवटा चाकाच्या मधल्या भोकात बसतो आणि चाक बरोबर मध्यावर आणतो. सुझुकी आणि ह्युंदाईच्या अनेक गाड्यांमध्ये हे माप ५४.१ मिलिमीटर असतं, फोक्सवॅगनमध्ये ५७.१, होंडाच्या छोट्या गाड्यांमध्ये ५६.१. आफ्टरमार्केट चाक एकच बनवून अनेक गाड्यांना विकायचं असतं, म्हणून त्याचं भोक मोठं ठेवतात, बहुतेकदा ७३.१. मधली पोकळी भरायला प्लॅस्टिक किंवा ॲल्युमिनियमची हब रिंग मिळते. रिंग नसेल तर चाक मध्यावर आणायचं काम एकट्या नटांवर येतं. ते केसभर सरकून बसलं तरी ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागतं. मालक बॅलन्सिंग करून दमतो आणि कारण मात्र काही रुपयांच्या रिंगमध्ये असतं.

कोणत्या धातूचे नट घ्यावेत?

रोजच्या वापराच्या गाडीसाठी चांगल्या प्रतीच्या घन स्टीलचे नट सर्वांत योग्य. रंगीत ॲल्युमिनियमचे नट हलके आणि आकर्षक असतात, पण त्यांचे आटे मऊ असतात. वारंवार काढ-घाल केली किंवा गनने मारले की ते लवकर खराब होतात. खड्डे, पावसाळा आणि रस्त्याकडेची पंक्चरची दुकानं हे सगळं लक्षात घेता स्टील बरं.

चमकणारा नट घेताना तो एकसंध आहे की स्टीलच्या नटावर पातळ पत्र्याची टोपी चढवलेली आहे, हेही बघावं. टोपीवाल्या नटात पाणी शिरतं, आतलं स्टील गंजतं आणि टोपी फुगते. मग १९ चा पाना बसत नाही आणि २१ चा घसरतो. संकटाच्या वेळी हा नट सर्वांत जास्त त्रास देतो.

आवळायचे कसे?

योग्य नट चुकीचा आवळला तर सगळी मेहनत वाया जाते. प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत नट किती जोराने आवळायचा तो आकडा दिलेला असतो. बहुतेक प्रवासी गाड्यांमध्ये तो ८० ते १२५ न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांना १०३, होंडाच्या छोट्या गाड्यांना १०८ आणि फोक्सवॅगनला १२० न्यूटन-मीटर दिलेला आढळतो. आपल्या मॉडेलचा आकडा पुस्तिकेतच बघावा.

हा जोर मोजायला टॉर्क पाना लागतो. तो नसेल तेव्हा अंदाज यावा म्हणून एक हिशोब: ३० सेंटिमीटर लांबीच्या एल पान्याच्या टोकाला ३५ किलोचा जोर लावला तर साधारण १०३ न्यूटन-मीटर होतात. सत्तर किलोचा माणूस त्याच पान्यावर उभा राहिला तर दोनशेच्या वर. म्हणजे पान्यावर पाय देऊन नट ‘कडक’ करण्याची जी सवय आहे, तिच्यात गरजेच्या दुप्पट जोर लागतो. त्याने स्टड कायमचा ताणला जातो. रबर बँडची ताकद गेल्यावर तो जसा ढिला राहतो, तसा हा स्टड पुढे दाब धरत नाही.

काम करायचा योग्य क्रम असा आहे:

- हब आणि चाकाची मागची बाजू ब्रशने साफ करावी. मध्ये गंजाचा पापुद्रा किंवा मातीचा थर राहिला तर तो नंतर चुरडतो आणि दाब कमी होतो.
- गाडी जॅकवर असताना सगळे नट आधी हाताने फिरवून बसवावेत.
- मग पान्याने समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे आवळावेत. चार नट असतील तर एक झाला की त्याच्या समोरचा. पाच असतील तर तारा काढल्यासारखा क्रम. शेजारचे नट ओळीने आवळले तर चाक तिरकं बसतं.
- चाक जमिनीला टेकल्यावर शेवटचा जोर टॉर्क पान्याने द्यावा.
- नवे अलॉय बसवल्यानंतर ८० ते १६० किलोमीटर चालवून, चाक थंड असताना, सगळे नट पुन्हा तपासावेत. नवा रंग आणि नवी बैठक दबून बसते, त्यामुळे थोडा दाब कमी झालेला असू शकतो.

आट्यांना तेल किंवा ग्रीस लावावं का, हा नेहमीचा प्रश्न. पुस्तिकेतला आकडा साधारणपणे कोरड्या, स्वच्छ आट्यांसाठी असतो. तेलामुळे घर्षण कमी होतं आणि त्याच आकड्यावर स्टड जास्त ताणला जातो. म्हणून कंपनीने सांगितलं नसेल तर काही लावू नये. नट सुटू नये म्हणून चिकट द्रव लावणं किंवा मध्ये जादा वायसर घालणं हेही उपाय नाहीत. वायसरमुळे तर बैठकच बिघडते.

स्टेपनीचं काय?

अलॉय चार घेतले जातात, स्टेपनी मात्र पत्र्याच्या चाकाचीच राहते. नव्या अलॉयसाठी घेतलेले नट त्या स्टेपनीला बसतीलच असं नाही. दांड्याचे किंवा लांब गळ्याचे नट पातळ पत्र्याच्या चाकावर पूर्ण आवळत नाहीत. बोल्टवाल्या गाडीत अलॉयचा लांब बोल्ट पत्र्याच्या चाकातून घातला तर तो मागे ब्रेकपर्यंत पोचू शकतो.

उपाय सोपा आहे. निघालेल्या जुन्या नटांचा किंवा बोल्टचा एका चाकापुरता संच कापडी पिशवीत बांधून स्टेपनीजवळ ठेवावा. अलॉय बसवतानाच एकदा स्टेपनी लावून बघावी, म्हणजे रस्त्यात आश्चर्याचा धक्का बसत नाही.

नट ढिला झाल्याची लक्षणं कोणती?

हळू चालवताना चाकाकडून टक-टक किंवा कट-कट आवाज येणं, वेगाबरोबर बदलणारी थरथर, ब्रेक मारताना चाक हलल्यासारखं वाटणं, नटाभोवती गंजाच्या किंवा काळ्या पावडरीच्या रेघा दिसणं ही मुख्य लक्षणं. यातलं काहीही नवीन चाकं बसवल्यानंतर जाणवलं तर ‘पुढच्या पंपावर बघू’ म्हणू नये. गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्यावी, पार्किंग लाइट लावावेत आणि सगळे नट तपासावेत.

नट ढिला असतानाच गाडी बरीच चालली असेल तर तो नुसता परत आवळून भागत नाही. चाकाचं भोक लांबट झालं आहे का, स्टडचे आटे दबले आहेत का, हे चाक काढून बघावं लागतं. भोक लांबट झालेलं चाक वापरातून काढावं. एक स्टड तुटला असेल तर त्याच चाकाचे बाकीचे स्टडही बदलून घेणं शहाणपणाचं, कारण त्यांनीही तोच ताण सोसलेला असतो.

दुकानात जाण्याआधी एवढं लिहून न्यावं

- गाडीचं मॉडेल, वर्ष आणि तिला नट लागतो की बोल्ट.
- आट्यांचं माप, उदाहरणार्थ एम१२ × १.२५.
- गाडीचा पीसीडी आणि हबच्या मधल्या उंचवट्याचं माप.
- नव्या चाकाची बैठक शंकूची आहे, गोल आहे की सपाट. हे चाक विकणाऱ्याला स्पष्ट विचारावं.
- नव्या चाकाचं मधलं भोक आणि हब रिंग सोबत मिळते का. चाक घेताना त्यावर आयएस १६१९२ या भारतीय मानकाची खूण आहे का, हेही बघावं.
- गाडीच्या पुस्तिकेतला टॉर्कचा आकडा. तो बसवणाऱ्याला सांगावा आणि शेवटचा जोर टॉर्क पान्यानेच द्यायला लावावा.

बसवून झाल्यावर हेच आकडे एका चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवावी. पुढच्या पंक्चरला, पुढच्या सर्व्हिसिंगला आणि गाडी विकली तर पुढच्या मालकालाही ती उपयोगी पडेल.